साउथ युबा नदीवरचं ब्रिजपोर्ट: फुलांसाठी एप्रिल, पोहायला जुलै

मी कराडची. आठव्या वर्षी पाठीला वाळका भोपळा बांधून मामानं कृष्णेत ढकललं, तेव्हापासून नदीच्या बाबतीत मी कुणाचं फारसं ऐकून घेत नाही. पुढे चौतीस वर्षं हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे झाडाझुडपांच्या बाबतीतही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण कॅलिफोर्नियातल्या या जागेवर माझी दोन्हीकडे थोडी थोडी जिरली आहे.

लेक फॉल्समला राहते, सॅक्रामेंटोच्या जवळ. मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने तिच्याकडे होते. तेवढ्यात साउथ युबा रिव्हर स्टेट पार्कच्या ब्रिजपोर्ट भागात दोनदा जाऊन आलो, एकदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणि एकदा जुलैच्या शेवटी. कुणालाही विचारा, "चालायला छान, फुलं छान, मुलांना पाण्यात खेळायला छान" असंच ऐकायला मिळतं. तिन्ही खरं आहे. फक्त ते एका दिवशी मिळत नाही, आणि एका दिवशी मिळवायला जाल तर फसाल. आमचे जावईबापू फसले, ते पुढे येईलच.

रस्ता सांगते. फॉल्समहून ऑबर्न, तिथून हायवे ४९ नं ग्रास व्हॅली, मग हायवे २० नं पेन व्हॅलीकडे आणि तिथून प्लेझंट व्हॅली रोडनं उत्तरेला. सव्वा ते दीड तास. शेवटी वळणावळणांनी खाली नदीपात्राकडे उतरायचं. आंबेनळी घाट उतरलेल्या माणसाला हे काहीच नाही, पण मागच्या सीटवर नात होती आणि तिनं नाश्त्याला पॅनकेक खाल्ले होते, म्हणून एकदा थांबावं लागलं. खाली उतरता उतरता मोबाइलची रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कुणी मागे राहिलं तर भेटायचं कुठे ते गाडीतच ठरवा. पार्किंगला पैसे पडतात. या राज्यात गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकासारखा स्टेट पार्कचा पासही घरी आणता येतो, ही मला इथली सगळ्यात सुसंस्कृत गोष्ट वाटली. कुठल्या पार्कात तो चालतो त्याची यादी मात्र निघण्याआधी बघून घ्यायची.

आता एप्रिल. उत्तरेकडच्या पार्किंगपासून बटरमिल्क बेंड नावाची पायवाट निघते. नातीला म्हटलं, "ताकाचं वळण." तिला ते इतकं आवडलं की दिवसभर ती ताकाच्या वळणावर चालत होती. वाट जेमतेम सव्वा मैलाची, तेवढीच परत, म्हणजे एकूण चार किलोमीटरच्या आसपास. चढ-उतार थोडेच. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, पण इथे त्यानं तक्रार केली नाही. मधे बाकडी आहेत. वाट अरुंद आहे, एका बाजूला डोंगराची चढण आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, त्यामुळे समोरून माणसं आली की कुणीतरी बाजूला होऊन उभं राहायचं.

आम्ही हौसेनं सकाळी साडेआठलाच पोचलो आणि पहिला तास फुकट गेला. इथलं मुख्य फूल म्हणजे कॅलिफोर्निया पॉपी, केशरी, राज्याचं फूल. ते ऊन आल्याशिवाय उघडत नाही. रात्री मिटतं, ढगाळ दिवशीही मिटलेलंच राहतं. सगळा उतार मिटलेल्या छत्र्यांनी भरलेला. लेक म्हणाली, "आई, तू म्हणालीस लवकर निघू." म्हणाले होते खरी. साडेदहाच्या सुमाराला ऊन उतारावर आलं आणि वर्गात मास्तर शिरल्यावर पोरं उभी राहतात तशी ती उघडत गेली. तर दहाच्या आत जायची घाई करू नका, आणि ढगाळ दिवस असेल तर जाऊच नका.

मिटलेल्या फुलांचा एक फायदा झाला. नातीला कळी दाखवता आली. या पॉपीच्या कळीवर एक टोकदार हिरवी टोपी असते, अगदी तान्ह्या बाळाच्या कुंचीसारखी. पाकळ्या आतून फुगत जातात आणि ती कुंची खालून सुटून वर सरकते. वर्गात मी याला निदलपुंज म्हणाले असते. नातीला म्हटलं, बघ, कुंची काढतंय. आम्ही गुडघ्यावर बसून एका कळीकडे पाहत राहिलो. कुंची अर्धी सुटली होती आणि खालून केशरी रंगाची गुंडाळी दिसत होती, साडीची घडी दुकानदार हातात धरतो तशी. पूर्ण सुटायला किती वेळ लागतो ते काही पाहून झालं नाही, मागून चालणाऱ्यांची रांग लागली. फुलं तोडायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको. जमिनीवर पडलेल्या दोन कुंच्या मात्र तिनं बोटांच्या टोकांवर घालून मिरवल्या आणि निघताना तिथेच ठेवल्या.

पॉपीच्या बरोबरीनं असतं ल्युपिन, निळं-जांभळं, तुऱ्यासारखं. हे आपल्या हरभऱ्या-भुईमुगाच्या कुळातलं. पान पंजासारखं, आणि सकाळी त्या पंजाच्या मधोमध दवाचा एक थेंब बसलेला असतो. केशरी आणि निळा एकाच उतारावर, खाली हिरवी नदी. त्याखेरीज पांढरी बारीक पॉपकॉर्न फ्लॉवर, मजल्यावर मजले चढवल्यासारखी जांभळी-पांढरी चायनीज हाउसेस, पान यायच्या आधीच गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरून जाणारं रेडबड. आम्ही गेलो तोवर रेडबडचा बहर ओसरला होता, त्यासाठी मार्चमध्ये यायला हवं होतं. फिडलनेक नावाचं पिवळं-केशरी फूल पाहिलं आणि मी थबकलेच. त्याचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. आपल्या भुरुंडीचा असतो तसाच. कूळही तेच. शेताच्या बांधावर आयुष्यभर पाहिलेली भुरुंडी, आणि तिची चुलत बहीण इथे!

वसंतात शनिवार-रविवारी स्वयंसेवक फुलं दाखवायला बरोबर येतात. आमच्या बाई माझ्याच वयाच्या, पांढऱ्या केसांची वेणी, कमरेला भिंग लटकवलेलं. माझं इंग्रजी कराडी आहे. पण मी हातानं नांगी करून दाखवली आणि "सेम फॅमिली, माय व्हिलेज" म्हटलं, तशी त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पुढची वीस मिनिटं बाकीच्या घोळक्याकडे आमचं दोघींचं लक्ष नव्हतं.

कासची आठवण निघणारच. कासला सडा सपाट, फुलं पायाशी, आणि सगळा कार्यक्रम भाद्रपदाच्या आगेमागे. इथे फुलं उतारावर, डोळ्यांच्या पातळीला येतात. पण खरी गंमत ऋतूंची. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा सगळा कोरडा. म्हणजे आपले डोंगर एप्रिलात करपलेले आणि जुलैत हिरवेगार, इथे बरोबर उलटं. त्यांचा श्रावण मार्च-एप्रिलमध्ये येतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण तीन महिन्यांच्या अंतरानं तोच उतार डोळ्यांनी पाहिल्यावर समजलं.

आता माझी जिरली ती गोष्ट. वाटेवर पाटी होती, पॉइझन ओकपासून सावध. पानं तीन-तीनच्या जुडग्यात, कोवळी असताना तांबूस, वर चकाकी. मी नातीला, लेकीला, जावयाला आणि आजूबाजूला जे कोण उभे होते त्यांना समजावून सांगितलं की हे आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, काजू आणि आंबाही याच कुळातले. बिब्बा उततो तसंच हे उततं. व्याख्यान चांगलं झालं. पुढच्याच वळणावर समोरून दोन मुलांची बाबागाडी आली, मी बाजूला झाले आणि तोल सांभाळायला हाताशी आलेली फांदी धरली. धरल्यावर पाहिलं. तीन पानं, तांबूस, चकाकी.

घरी आल्यावर साबणानं हात धुतले, पण दुपट्टा तसाच खुंटीला टांगला. या झाडाचा चीक कपड्यांवर राहतो आणि तिथून पुन्हा लागतो. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत आणि वर मानेवर पुरळ उठलं. दहा-बारा दिवस खाजवत होते. जावईबापू एक अक्षर बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. तर पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, घरी गेल्याबरोबर अंघोळ, आणि सगळे कपडे थेट मशीनमध्ये. गवतात शिरू नका, गोचिडी असतात. रॅटलस्नेकही आहेत, आम्हाला दिसला नाही. वाटेवरून चालायचं आणि दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हे आपल्याकडच्या शेतातलंच शहाणपण.

जावईबापूंचं प्रकरण त्याच दिवशी दुपारी. ऊन छान तापलं होतं, बाहेर पंचवीस अंश तरी असेल. नदी हिरवीगार, वाळू स्वच्छ. हे पुण्यात टिळक टँकवर पोहलेले. "आई, एक डुबकी" म्हणाले आणि मी नको म्हणायच्या आत शिरले. पाणी छातीला लागलं तसं तोंड उघडं राहिलं, श्वास आत गेला तो बाहेर येईना. तीन पावलांवर काठ होता म्हणून बरं. बाहेर आले तेव्हा ओठ निळसर, आणि टॉवेल धरायला बोटं मिटत नव्हती. मी घोट्यापर्यंत पाय घालून पाहिला. वीस मोजेपर्यंत नडगीत कळ आली. माघातल्या कृष्णेचा अभिमान होता मला, तो तिथेच सोडला.

कारण साधं आहे. ही नदी सिएरा नेवाडाच्या बर्फातून येते. वसंतात खाली फुलं असतात आणि वर बर्फ वितळत असतो. म्हणजे फुलांच्या दिवसांतच पाणी बर्फासारखं गार आणि जोरात असतं. वरून ते संथ दिसतं. अशा पाण्यात चांगला पोहणाराही काही मिनिटांत हातपाय मारायचा थांबतो. युबात या दिवसांत माणसं बुडालेली आहेत. एप्रिलमध्ये मुलांना काठावर गोटे वेचू द्या, पाण्यात नको.

जुलैत मात्र ही वेगळीच जागा. सगळे उतार वाळक्या गवतानं पिवळे, पॉपीचं नाव नाही, आणि मोज्यांत कुसळं. बटरमिल्क बेंडवर दहा वाजता जाऊन पाहिलं, पाच मिनिटांत परत फिरलो. सावली थोडी, आणि डोंगर तव्यासारखा तापलेला. पण नदी उतरलेली, काचेसारखी नितळ, तळाचे गोटे मोजून घ्यावेत. पाणी गारच, पण सुखाचं गार. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं, म्हणून आम्ही मंगळवारी गेलो आणि सकाळी साडेआठला वाळूत सतरंजी टाकली. या वेळी लवकर येणं फळलं. लेकीला तसं बोलूनही दाखवलं.

नात नऊ वर्षांची, दोन वर्षं क्लासला जाते, चार प्रकारचं पोहते, तिच्याकडे पदकं आहेत. नदीत शिरल्यावर पहिलंच वाक्य, "आजी, तळ दिसतो पण लागत का नाही?" टाकीतल्या पोहण्यात आणि नदीतल्या पोहण्यात हाच फरक. नितळ पाण्यात खोली कळत नाही, आहे त्याहून कमी दिसते. मग मी तिला काठावर बसवून नदी वाचायला शिकवली. गुळगुळीत, काळसर हिरवं दिसतं तो डोह. पाण्यावर सुरकुत्या आहेत तिथे उथळ आणि गोटे. दोन खडकांच्या मधून पाणी ओढलं जातं तिथे जायचंच नाही, उन्हाळ्यातसुद्धा. एक वाळकी काडी सोडायची आणि ती कुठे जाते ते पाहायचं, म्हणजे ओढ कळते. आणि समजा वाहायला लागलीसच, तर उताणं व्हायचं, पाय पुढे, पायांना खडक लागू दे, डोक्याला नाही. आम्ही उथळ जागी हे दहा वेळा करून पाहिलं. अकराव्या वेळी मी पण केलं, टी-शर्ट आणि लेगिंग घालून. काठावरच्या कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझी आत्या नऊवारीचा काचा मारून कृष्णा पार करायची. तेव्हा अख्खा घाट पाहायचा.

इथे जीवरक्षक बसलेला नसतो. लहान मुलांना लाइफ जॅकेट घालाच, क्लासची पदकं असली तरी. पायात पाण्यात चालणारे पट्ट्याचे बूट हवेत. गोट्यांवर शेवाळ असतं आणि नुसत्या चपला वाहून जातात. माझी डावी गेली.

पाणी पुरे झालं की पुलात जाऊन उभं राहायचं. हो, पुलात. ब्रिजपोर्टचा पूल लाकडी आहे आणि त्याला भिंती आणि छप्पर आहे, लांबून धान्याचं कोठार नदीवर आडवं ठेवल्यासारखा दिसतो. १८६२ सालचा, डेव्हिड वुड नावाच्या माणसानं बांधलेला. म्हणजे आपल्या बोरघाटातून रेल्वे जायच्या एक वर्ष आधी. या काठापासून त्या काठापर्यंत दोनशे फुटांहून लांब, आणि मधे एकही खांब नाही. जगात टिकून असलेल्या अशा जुन्या छपरी लाकडी पुलांमध्ये एकाच कमानीची एवढी लांब उडी दुसऱ्याची नाही म्हणतात. कमान बाहेरच्या फळ्यांवरही उमटलेली दिसते. मूळचा टोलचा पूल! नेवाडातल्या चांदीच्या खाणींकडे माल नेणाऱ्या खटाऱ्यांकडून पैसे घ्यायचे. टोल वसूल केला आणि पूल दीडशे वर्षं टिकवला, हा हिशेब वाचून जावईबापू बराच वेळ गप्प होते. २०११ मध्ये तो पायी जाणाऱ्यांनाही बंद करावा लागला होता, दुरुस्ती होऊन २०२१ च्या नोव्हेंबरात उघडला. आत गार, जुन्या लाकडाचा वास, आणि फटींतून उन्हाच्या पट्ट्या पायांवर. नात त्या पट्ट्यांवरून लंगडी घालत गेली.

या नदीनं सोसलंही खूप आहे. सोन्याच्या शोधात इथे बंबासारख्या नळांनी पाण्याचा मारा करून डोंगरच्या डोंगर धुऊन काढले. तो सगळा गाळ खाली सपाटीवरच्या शेतांत आणि गावांत जायचा. शेवटी शेतकरी कोर्टात गेले, आणि १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी त्यांच्या बाजूनं निकाल देऊन नदीत गाळ सोडणं बंद केलं. शेतकरी जिंकले, ही ओळ मी दोनदा वाचली. खाली एंगलब्राइट धरण आहे ते १९४१ चं, तो गाळ अडवायलाच बांधलेलं. पुढे या पात्रावर आणखी धरणं नकोत म्हणून लोकांनी १९८३ मध्ये संघटना काढली आणि १९९९ मध्ये राज्यानं नदीला संरक्षण दिलं. या सगळ्याच्याही आधी इथे निसेनान हे मूळचे लोक राहत होते. ते सोन्यासाठी आले नव्हते.

खाण्याचं. तिथे वडापावची गाडी नाही, चहा नाही. सगळं घरून न्या. आम्ही थालीपीठ, दही, काकडी, आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. लोणचं काचेच्या बरणीत. नदीकाठी काच चालत नाही, आणि बरोबरच आहे, सगळे अनवाणी असतात. बरणी गाडीत राहिली, थालीपीठ दह्याशी खाल्लं. शेगडी, काड्यापेटी असलं काही नेऊ नका. जुलैतलं ते गवत एका ठिणगीची वाट पाहत असतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये याच पार्कातली इंडिपेंडन्स ट्रेल वणव्यात होरपळली. चाकाच्या खुर्चीवरून रानात जाता यावं म्हणून मुद्दाम केलेली ती वाट होती, त्या देशातली पहिली म्हणतात. घरात खुर्चीवरचं कुणी असेल तर तिचा कुठला भाग सुरू आहे ते विचारूनच निघा.

पाचपैकी मी साडेचार देते. अर्धा चहाचा कापला. मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या माझ्यासारख्यांनी तिकीट मार्चचं काढावं, म्हणजे दोन्ही ऋतू पदरात पडतात.

नातीला आता भोपळ्याचं वेड लागलंय. रंगीबेरंगी फोमच्या कांड्या तिच्याकडे चार आहेत, तिला आजीसारखा खरा भोपळा हवाय. मे महिन्यात लेकीच्या परसात दुधी लावला होता. निघायच्या आधी दोन दुधी न तोडता वेलावरच वाळायला ठेवायला सांगून आले. लांबट जात आहे, पाठीला नीट बसायची नाही. गोल भोपळ्याचं बी मिळतंय का, ते कराडच्या बाजारात बघते.